तारेचे दोन वेढे

११ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र मी लिहितेय ते बाबांना माहीत नाही. आईला माहीत आहे, कारण पत्ता तिच्याकडेच होता. तू तिला चष्मा पाठवलास त्या खोक्याचं झाकण तिने कपाटात कपड्यांच्या तळाशी जपून ठेवलंय. तू नंबर बदललास, म्हणून पत्र. न वाचता फाडायचं असलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

काम असं आहे. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचा क्लच फार जड आहे. त्याला वायर काढून तेलाच्या दाबावर चालणारा क्लच हवाय. हँडलवर लिव्हरपाशी वरचा सिलेंडर, इंजिनापाशी खालचा, मधे नळी. वर लिव्हर दाबली की खालचा सिलेंडर क्लचचा आर्म ओढणार. वरचा सिलेंडर बारीक घेतला तर लिव्हर हलकी होते, पण मग खालचा सिलेंडर कमी सरकतो आणि प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. मी गणित करून एक माप काढलंय. कागदावर सगळं बसतं. हाताला कसं लागेल ते कागदावर दिसत नाही. तू तिथे मोठ्या गॅरेजात अशी कामं रोज करत असशील. कुठलं माप घेऊ तेवढं कळव. एक ओळ पुरे.

बाकी, मी जूनमध्ये पास झाले. पहिल्या वर्गात. आईने प्रमाणपत्र गॅरेजात घड्याळाच्या शेजारी टांगलंय. वेळ बघायला मान वर केली की माणसाला आधी माझं नाव दिसतं. नोकरीची दोन बोलावणी आली होती, मी गेले नाही. आपलं गॅरेज नीट उभं करायचं असं मी ठरवलंय. इथे सगळं बाबांच्या डोक्यात असतं, कागदावर काही नाही. पहिल्याच आठवड्यात तेलाचं फडताळ आवरलं. बाटल्यांच्या गळ्याला बाबा जुन्या क्लच वायरचे वेढे घालायचे, आठवतं ना? एक वेढा इंजिनाचं तेल, दोन वेढे पुढच्या फोर्कचं, तीन वेढे ब्रेकचं. मी पक्कड घेऊन सगळे वेढे कापून टाकले आणि प्रत्येक बाटलीवर सुवाच्य अक्षरात लेबल लावलं. उद्या कुणी नवा माणूस आला तरी वाचून काम करू शकेल. बाबा मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "छान दिसतंय."

बाबांचा हात बरा आहे. काळजी नको.

तुझी,
दहा नंबर

(नाव तूच ठेवलं होतंस. गॅरेजात नेमका हवा तेव्हाच सापडत नाही तो दहा नंबरचा पाना. बाकी सगळे आता मला इंजिनिअर म्हणतात. चिडवायला.)


२४ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज दुपारी टपालवाला दिसला की हातातलं काम खाली ठेवत होते.

काम झालं. आणि एक कबूल करायचंय. गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं. गाडी बाबांची आहे, तीच काळी. तसं लिहिलं असतं तर तुझं लक्ष भलतीकडे गेलं असतं. वय झालंय त्यांचं, जुना क्लच जड जातो, एवढंच.

बाबा आधी ऐकायलाच तयार नव्हते. "वायर तुटली तर रस्त्यात बदलता येते. तुझं तेल गळलं तर काय करू, तोंडाने भरू?"

मी म्हटलं, "गळणार नाही."

"लिहून देतेस?"

"देते."

आई आतून म्हणाली, "द्या तिला कागद. तेवढंच येतं तुमच्या इंजिनिअरला."

मी खरंच लिहून दिलं, तारीख घालून. तो कागद बाबांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कर."

तीन दिवस लागले. खालचा सिलेंडर बसवायला पट्टी घरीच कापली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आर्मच्या बरोबर रेषेत आली. नळीच्या दोन्ही टोकांना नवे तांब्याचे वायसर घातले. मग तेल भरून हवा काढायची. लिव्हर दाबून धरायची, खालचा नट जरा सैल करायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाहेर पडतात, नट आवळायचा, लिव्हर सोडायची. असं साठ-सत्तर वेळा. लिव्हर आई दाबत होती, स्टुलावर बसून, एका हाताने भाजी निवडत. "तुम्ही बापलेक या गाडीशी जेवढं बोलता तेवढं माझ्याशी बोललात तर माझाही क्लच हलका होईल," म्हणाली.

अशा क्लचला ब्रेकचंच ऑइल लागतं. बाटली माझ्या लेबलाची, 'ब्रेक ऑइल' लिहिलेली. तिच्या गळ्याला बाबांनी पुन्हा तार गुंडाळून ठेवली होती. हसू आलं. माणसाची सवय जात नाही.

मग बाबांना बोलावलं. त्यांनी लिव्हर दाबली. दोन बोटांनी. सोडली. परत दाबली. मी मोजत होते, पंधरा वेळा. शेवटी "हं" म्हणाले आणि तोंड धुवायला मागे गेले. ते "हं" तुला माहीत आहे. त्यांच्याकडून त्याहून जास्त आजवर कुणाला मिळालेलं नाही. मला तर पहिल्यांदाच.

मी फार खूष आहे, दादा. चार वर्षं जे वाचलं ते पहिल्यांदा कुणाच्या तरी हाताला लागलं.

दहा नंबर


२ डिसेंबर

दादा,

हे पत्र दुपारी लिहितेय, बाबा जेवून आडवे झालेत तोवर. नीट वाच.

लिव्हर उशिरा परत येतेय.

दाबली की जाते, मऊ, पहिल्यासारखीच. सोडली की थांबते, विचार करते, आणि मग हळूहळू वर येते. झोपेतून उठवलेल्या माणसासारखी. पहिल्या दिवशी असं नव्हतं. परवा सकाळी पहिल्यांदा जाणवलं. म्हटलं हवा राहिली असेल. बाबा बाहेर गेल्यावर पुन्हा हवा काढली. एकही बुडबुडा आला नाही. आज वरच्या सिलेंडरचं झाकण उघडलं. झाकणाखाली जो पातळ रबर असतो तो फुगलाय. कडेने लाटा आल्यात, खाचेत बसतच नाही. मी तो बोटाने कसाबसा दाबला, झाकण लावलं आणि स्क्रू आवळले. बाबांना सांगितलं नाही.

का नाही सांगितलं ते लिहायचं तर आधीचं सगळं लिहावं लागेल.

बाबांचा हात बरा नाही. कधीच बरा झाला नाही. डाव्या हाताची मधली दोन बोटं वाकतच नाहीत आणि मनगटात जोर नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला आणि आईला ताकीद दिली होती. "त्याला कळलं तर तो तिथे जगणार नाही," म्हणाले. म्हणून चार वर्षं तुला कुणाकडूनही निरोप गेला तो 'हात बरा आहे' असाच गेला.

किती गेलाय ते मला तरी कुठे कळलं होतं. कॉलेजातून सुट्टीला यायचे तेव्हा ते चहाचा कप उजव्या हातात धरायचे, म्हटलं असेल. ते जन्माचे डावखुरे, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. या जूनमध्ये चौकात दिसलं. सिग्नल लागला होता आणि बाबा क्लच दोन्ही हातांनी ओढत होते. उजवा हात हँडल सोडून डावीकडे. गाडी डुगडुगत होती, मागे ट्रक उभा होता. मी फुटपाथवर होते. हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्यांनी वर बघितलं असतं.

आपल्या गॅरेजचा नियम तुला ठाऊक आहे. बाबांनी स्वतः ट्रायल मारल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. लोक त्यासाठीच येतात. मी विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ज्या दिवशी मला क्लच दाबता येणार नाही त्या दिवशी शटर खाली. दुसऱ्याच्या हातावर मी गाडी सोडत नाही." त्यांच्या गाडीचा क्लच जमला असता तर पुढे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांसाठीही काहीतरी काढू, त्यांच्या हाताला बसेल असं काहीतरी, असा माझा बेत होता.

आणि आता माझ्याच हातचं काम बिघडतंय.

हे दोन दिवस मला तो दिवस सारखा दिसतोय. तू हँडलपाशी, बाबा मागे चेनपाशी वाकलेले. चाकात किंवा चेनमध्ये हात घालणाऱ्याने मोठ्याने 'हात आत' म्हणायचं. ते ऐकलं की हँडलपाशी असेल त्याने चावी काढून खिशात ठेवायची. 'हात बाहेर' म्हटल्याशिवाय ती खिशातून निघायची नाही. तू स्टार्टरचं बटण दाबलंस, गाडी गिअरमध्ये होती आणि बाबांचा हात चेनमध्ये. 'मी ऐकलं नाही' एवढंच तू सगळ्यांना सांगत राहिलास, आणि तिसऱ्या आठवड्यात निघून गेलास.

मला भीती वाटतेय, दादा. बाबा समोर आले की मी काहीतरी पुसायला घेते. खिशात माझा कागद आहे त्यांच्या, 'गळणार नाही' म्हणून. गळत तर नाहीच आहे. मग काय होतंय? या घरात बाबांना इजा करणारं दुसरं मूल मी ठरेन की काय, हे एवढं एकच डोक्यात फिरतंय.

सहा तारखेला ते सुटे भाग आणायला घाट उतरून जाणार. नेहमीसारखे, काळ्या गाडीवरून. तोवर काही सुचलं तर कळव.

दहा नंबर


७ डिसेंबर

दादा,

काल चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू साधं "हॅलो"ही म्हणाला नाहीस.

"वेढे किती होते?"

मी "दादा?" म्हटलं तर म्हणालास, "वेढे. त्या बाटलीच्या गळ्याला. जा, बघून ये, मी धरतो."

मी गेले. मोजायला वेळ लागला नाही. परत येऊन म्हणाले, "दोन."

तू "दोन" असं परत म्हणालास. मग विचारलंस, "तेच ऑइल ब्रेकलाही घातलंस का?"

मी "नाही" म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"बाबांना त्या गाडीवर बसू देऊ नकोस. आवाज येतोय ना? बसू देऊ नकोस."

मी "बरं" म्हणाले. फोन कट झाला.

दोन्ही खोटं होतं. क्लच भरून झाल्यावर पुढच्या ब्रेकचं ऑइल जरा खाली दिसलं, म्हणून त्याच बाटलीतून मी तेही भरलं होतं. म्हटलं झाकणं उघडलीच आहेत तर होऊन जाऊ दे. आणि बाबा अर्ध्या तासापूर्वीच निघाले होते.

असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही. तुझा आवाज ऐकल्यावर वाटलं, मी 'नाही' म्हटलं की नाहीच होईल. पुन्हा त्या नंबरावर लावला तर कुणा दुकानदाराने उचलला. म्हणाला, "ते गेले ना, घाईत होते."

मी पेल्यात पाणी घेतलं आणि बाटलीतला एक थेंब त्यात सोडला. ब्रेकचं ऑइल पाण्यात विरघळतं. हा थेंब वर आला, पसरला आणि तसाच राहिला. गोल, चमकदार. फोर्कचं तेल होतं, दादा. लेबल माझं, अक्षर माझं, आणि आत फोर्कचं तेल. ब्रेकच्या सिलेंडरांतले रबर त्या तेलात फुगतात, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पान भरून लिहिलं असतं. वेढे समोर दिसत होते. मी हसले होते त्यांना.

बाबांना फोन लावला. तो गल्ल्याच्या खणात वाजला.

शेजारच्या शिंप्याची स्कूटर घेतली. तो विचारत होता, "काय झालं इंजिनिअर?" मी "चावी द्या" एवढंच म्हणाले.

घाटापर्यंत पाऊण तास लागतो. मी सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघत होते. शेतात, नाल्यात, प्रत्येक पुलाखाली. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती, सांगू? लोक घोळका करून उभे दिसतील याची. घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर घोळका दिसला. दहा-बारा माणसं, सगळी खाली बघत होती. मी स्कूटर कशी थांबवली आठवत नाही. माणसांमधून वाट काढत पुढे गेले. ट्रकचं चाक बदलत होते. एकजण म्हणाला, "ताई, पडाल, जरा बाजूला." मी पळत स्कूटरकडे परत आले.

दुसऱ्या वळणावर कठड्यावर बाबांचं हेल्मेट होतं. नुसतं हेल्मेट. पलीकडे दरी.

मी ओरडले का नाही, माहीत नाही. कठड्याच्या अलीकडून, दगडाच्या आडून आवाज आला, "अगं इकडे. सावलीत बसलोय."

गाडी स्टँडवर होती. बाबा खाली मांडी घालून बसले होते आणि पुढच्या चाकाकडे बघत होते. कोपर खरचटलं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. बाकी ते सगळे शाबूत होते. सगळे.

"पुढचं चाक आपोआप धरतंय," ते म्हणाले. "मी ब्रेकला बोट नाही लावलं. आधी वाटलं भास होतोय. मग डिस्कचा जळका वास आला. क्लच सोडला तर प्लेटा घसरायला लागल्या, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडीला धरत नाही. उतारावर इंजिन सुटलेलं आणि पुढचं चाक आवळलेलं. पायाच्या ब्रेकवर आणली आणि डोंगराच्या अंगाला घासून थांबवली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दहा नंबर आहे का?"

माझ्या खिशात होता. त्यांनी ब्रेकचा खालचा नट सैल केला, चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. दोन बोटांवर ते तेल घेऊन त्यांनी चोळलं, वास घेतला. बोटं पँटला पुसली.

मी कठड्यावरचं हेल्मेट उचललं आणि एखादी गाडी थांबवायला रस्त्यात उभी राहिले.

बाकीचं उद्या.


८ डिसेंबर

दादा,

कालचं पत्र अजून टाकलं नाही, हे त्याच पाकिटात घालते. हे आधी वाचलंस तर ते नंतर वाच, पण दोन्ही वाच.

एक टेंपो रिकामा वर चालला होता. त्यात काळी गाडी चढवली, स्कूटरही चढवली, आणि आम्ही दोघं मागे गाड्यांना धरून बसलो. टेंपोत आवाज फार. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच मला बोलता आलं.

म्हटलं, "बाबा, बाटली मी चुकीची घेतली. लेबल वाचलं, वेढे मोजले नाहीत. ब्रेकलाही तेच घातलं. लिव्हर उशिरा येतेय हे मला आठवडाभर माहीत होतं. झाकणाखालचा रबर फुगलेला मी बघितला होता. दाबून परत बसवला. तुम्ही घाट उतरणार हेही माहीत होतं."

त्यांनी खिशातून माझा कागद काढला. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी त्याने कोपरावरचं रक्त पुसलं आणि परत खिशात ठेवला.

"लेबल मला वाचता येतं गं," ते म्हणाले. "चष्मा लावला तर. पण हात तेलाचे असताना चष्मा कोण शोधतो. हात मागे नेला की बोटांना वेढे लागतात, एवढीच सवय. तू इतक्या हौसेने ते सगळं केलंस. म्हटलं आता हिला कशाला सांगू. ती बाटली रिकामी झाली होती, त्यात फोर्कचं भरलं आणि दोन वेढे घातले. तुझ्या लेबलाला हात लावायला मन झालं नाही. सांगायला हवं होतं."

टेंपो एका खड्ड्यात आदळला. त्यांनी डाव्या हाताने गाडीचं हँडल धरायला बघितलं, ते निसटलं. मग उजव्याने धरलं.

"सांगायचं माझ्याकडून राहून जातं," ते म्हणाले. "त्या दिवशीही मी 'हात आत' म्हणालो नव्हतो."

मी ऐकलं. तरी त्यांनी पुन्हा सांगितलं, मला ऐकू गेलं नसेल असं वाटून. "नाही म्हणालो मी. घाई होती. चेनच्या जोडाचं कुलूप दिसत होतं, म्हटलं पटकन हात घालून काढतो. त्याने ऐकलं नाही, कारण मी म्हणालोच नव्हतो."

"मग सांगितलं का नाही?"

"दवाखान्यात आधी शुद्ध कुठे होती. शुद्धीवर आलो तोवर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हटलं हात बरा झाला की सांगू. हात बरा झाला नाही. तोवर तो गेला."

मी म्हणाले, "मला माहीत होतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

दादा, आता हे माझं. तू दवाखान्याच्या जिन्यात मला विचारलं होतंस, "तू गल्ल्यावर होतीस. तू ऐकलंस का ते 'हात आत' म्हणाले ते?" मी म्हणाले, "आठवत नाही." मला आठवत होतं. मी पुस्तक उघडून बसले होते, पण आपल्या गॅरेजात तो शब्द आला की वाचणाऱ्याचंही बोट ओळीवर थांबतं. त्या दिवशी माझं बोट थांबलं नव्हतं. शब्द आलाच नव्हता. बाबा आत रक्ताने माखून पडले होते, आणि चूक त्यांचीच आहे असं म्हणायची मला भीती वाटली. म्हणून आठवत नाही म्हणाले. तू मान हलवलीस आणि जिना उतरून गेलास. मी चार वर्षं शिकले आणि जे एक वाक्य बोलायचं होतं ते सोडून बाकी सगळं बोलले.

माफ कर असं लिहायला लाज वाटते. तू चिडशील, की हे वाचून उरलंसुरलंही तोडशील, हे मला कळत नाही. रात्रभर तोच विचार केला. तरी पाठवतेय. परवा तुला फोनवर 'नक्की' म्हणाले होते, तसलं आणखी एक मला झेपणार नाही.


१० डिसेंबर

टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले होते. आज टाकतेय. त्याआधी एवढंच.

काल सकाळी बाबा फडताळासमोर बसले. सगळ्या बाटल्यांना पुन्हा वेढे घातले. तार ते धरत होते, पक्कड मी दाबत होते. लेबलं काढू दिली नाहीत. "दोन्ही असू दे," म्हणाले. मग पेल्यात पाणी घेऊन प्रत्येक बाटलीचा थेंब टाकून बघितला. आईने तो पेला फेकून दिला आणि आम्हा दोघांना मिळून शिव्या घातल्या.

दुपारी काळी गाडी उघडली. क्लचचे दोन्ही सिलेंडर, पुढचा ब्रेक, नळ्या, सगळं खाली. रबर सगळे बाद. एक काढून त्यांनी तळहातावर ठेवला. नवा शेजारी ठेवला. जुना दीडपट फुगला होता. "परत करायचंय ना हे काम?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, वायर परत घाला म्हणतील. मी म्हटलं, "भीती वाटते." ते म्हणाले, "वाटू दे. भीती असलेल्याच्या हातची गाडी मी बिनधास्त चालवतो."

मग पुढच्या चाकात हात घालायला ते वाकले. डावा हात. आणि वाकता वाकता थांबले. सरळ झाले, आणि 'हात आत' म्हणाले. इतक्या मोठ्याने, की शेजारचा शिंपी मशीन थांबवून दाराशी आला. चार वर्षांत मी तो शब्द गॅरेजात ऐकला नव्हता. बाबा चाकाचं काम एकटेच करायचे, कुणाला सांगणार. त्यांनी हँडलकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मी पुढे झाले, चावी काढली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळपर्यंत जुने भाग धुऊन झाले. बाबांनी हात पुसले आणि आत निघाले. मी म्हटलं, "बाबा, 'हात बाहेर' म्हणायचं राहिलं."

ते दारात उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती.

"ते आत्ता नाही," म्हणाले. "हँडलपाशी तो उभा असेल तेव्हा म्हणेन."

नवे रबर पुढच्या आठवड्यात येतील. तोवर गाडी स्टँडवर आहे, पुढचं चाक काढलेलं. चावी माझ्या खिशात आहे. चालताना मांडीला लागते.

दहा नंबर